मेदोरोग आणि गुग्गुळ : एका समीकरणाचा इतिहास

प्राचीन संज्ञेस अर्वाचीन पर्याय देणे ही केवळ भाषांतराची बाब आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र अशा पर्यायातून कधी कधी एखादे औषध जन्मास आलेले दिसते. गुग्गुळाचा इ. स. १९६६ नंतरचा इतिहास हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

ज्या दोन संज्ञांचा येथे प्रश्न आहे, त्यांची कुळे अगदी भिन्न आहेत. कोलेस्टेरॉल हा पदार्थ प्रथम पित्ताच्या खड्यांत आढळला. म्हणूनच शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे नाव पित्त आणि घन या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडविले. धमन्यांच्या विकाराशी त्याचा संबंध १९१३ साली अनिचकोव्ह या रशियन संशोधकाने सशांवरील प्रयोगांनी दाखविला. ‘मेद’ हा मात्र रस, रक्त, मांस यांच्या मागोमाग येणारा चौथा धातू होय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात कफकर आहार, अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसा निद्रा यांमुळे मेद वाढतो, त्याने स्रोतसांचे मार्ग अडतात आणि इतर धातूंचे पोषण खुंटते, असे वर्णन आहे. त्यावरील उपायांत शिलाजतू, गोमूत्र, त्रिफळा, जव यांच्या पंक्तीस गुग्गुळही सांगितला आहे.

या ‘मार्गावरोधा’त डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना धमनीकाठिण्याचे साम्य दिसले. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयास त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाच्या इंग्रजी शीर्षकात धमनीकाठिण्य व स्थौल्य यांच्यापुढे कंसात ‘मेदोरोग’ हा शब्द आहे. आपल्या विषयाचे सारे मर्म त्या कंसात आहे. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या सशांत गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, असे त्यांना आढळले. पुढे १९७२ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुखदेव व त्यांचे सहकारी यांनी या राळेतील गुग्गुलस्टेरोन ही द्रव्ये वर्णिली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तिच्या अर्कापासून ‘गुगुलिपिड’ सिद्ध झाले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत २०५ रुग्णांना ते बारा आठवडे देण्यात आले, तेव्हा ७० ते ८० टक्के रुग्णांत लाभ दिसला.

मात्र २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीचा निष्कर्ष नेमका उलट निघाला. १०३ प्रौढांवरील या आठ आठवड्यांच्या चाचणीत अपायकारक मानले जाणारे कमी घनतेचे कोलेस्टेरॉल गुग्गुळ घेणाऱ्यांत ४ ते ५ टक्क्यांनी वाढले; निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ते ५ टक्क्यांनी उतरले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

यावरून सुश्रुत खोटा ठरला काय? आमच्या मते, हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. मेद हा शरीरावर दिसणारा धातू आहे. कोलेस्टेरॉल ही रक्तात मोजावयाची राशी आहे. शिवाय संहितेत जुना गुग्गुळ अपकर्षक, तर नवा बृंहण, म्हणजे पुष्टिकर, मानला आहे. हा भेद, तसेच आहार व व्यायाम यांची जोड, समीकरणाच्या दुसऱ्या बाजूस गेल्यावर गळून पडली. तथापि ते समीकरण व्यर्थ होते, असेही नव्हे. त्यावाचून प्रयोगच सुचला नसता. पर्यायाने गृहीतक मिळते, प्रमाण मिळत नाही, एवढाच विवेक येथे आवश्यक आहे.

हा विवेक केवळ पंडितांच्या सोयीचा नाही. ‘संहितेत आहे’ एवढ्या आधारावर जो रुग्ण सिद्ध झालेले औषध सोडतो, तो एका कंसावर आपले आयुष्य पणास लावतो. दुसरी हानी वनस्पतीची होते. कच्छ व राजस्थान येथील रुक्ष भूमीत हे झुडूप फार मंद गतीने वाढते आणि राळेसाठी खोल चिरा पाडल्यास बहुधा मरते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेले आहे. प्राचीन संज्ञांचे पर्याय ठरविताना कोणता अर्थ पुढे गेला याबरोबर कोणता मागे राहिला, याचीही नोंद ठेवणे हे भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय.