‘बिंदू’पूर्वीचे रझा : कागदावरील निसर्गचित्रांचे दशक

नवी दिल्ली : सय्यद हैदर रझा यांचे नाव घेताच डोळ्यांसमोर येतो तो काळा ‘बिंदू’ आणि त्याभोवतीचे त्रिकोण, चौकोन व प्रखर रंग. या भूमितीची पायाभरणी मात्र त्यांनी १९४०च्या दशकात कागदावर रंगविलेल्या निसर्गचित्रांत झाली होती.

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्याने त्यांचे बालपण अरण्याच्या सान्निध्यात गेले. नागपूरच्या कलाशाळेत १९३९ ते १९४३ या काळात शिक्षण घेऊन ते मुंबईत आले. छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओतील नोकरी सांभाळत त्यांनी शहर रंगविले आणि सर ज. जी. कलाशाळेतही शिक्षण घेतले. फ्लोरा फाउंटनचा परिसर, पावसात भिजलेले रस्ते, धूसर आकाश हे त्यांचे विषय होते. जलरंग लवकर वाळतात आणि त्यांचे साहित्य खांद्यावरच्या पिशवीत मावते. रस्त्यावर उभे राहून क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश टिपण्यास हे माध्यम सोयीचे ठरते. बॉम्बे आर्ट सोसायटीने १९४६ मध्ये रौप्यपदक आणि १९४८ मध्ये सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरव केला. दरम्यान, १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले.

फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली. रझा भारतातच राहिले. १९४८ मध्ये ते काश्मीरमध्ये चित्रे काढत होते. आदल्या वर्षीच्या टोळीवाल्यांच्या हल्ल्यात बारामुल्ला उद्ध्वस्त झाले होते. त्या शहराचे भग्नावशेषही त्यांनी रंगविले. निसर्गचित्र म्हणजे केवळ रम्य देखावा नव्हे, याची ही साक्ष होती.

श्रीनगरमध्ये त्यांची फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. चित्रांत रंग आहेत, पण रचनेचा पाया कमी पडतो. त्यासाठी सेझानचा अभ्यास करावा, असे त्यांनी सुचविले. रझा यांनी तो सल्ला मनावर घेतला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. त्यानंतर ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंगांत, त्यांनी कागदावर रंगविलेल्या फ्रेंच गावांत माणसे दिसत नाहीत. घरे एकमेकांना भिडलेल्या ठोकळ्यांसारखी उभी राहतात. प्रकाशाचा माग घेणारा चित्रकार येथे रचनेकडे वळला होता. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अवतरलेल्या ‘बिंदू’कडे जाणारी वाट याच वळणावरून निघाली.

ही चित्रे कॅनव्हासच्या तुलनेत नाजूक असतात. प्रकाशाने जलरंग फिकट होतात, दमटपणामुळे कागदावर डाग पडतात. म्हणूनच संग्रहालये अशा कलाकृती सुमारे ५० लक्स इतक्या मंद उजेडात आणि मर्यादित काळासाठीच मांडतात. जी चित्रे रझा यांची जडणघडण सर्वाधिक स्पष्ट करतात, तीच रसिकांच्या दृष्टीस कमी पडतात.

सहा दशकांच्या फ्रान्समधील वास्तव्यानंतर रझा २०१० च्या अखेरीस दिल्लीत परतले आणि अखेरपर्यंत रंगवीत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनविधी मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी करण्यात आला.