विचित्र निर्मिती : सांभाळणाऱ्यांच्या बाजूने चाळीस वर्षं

पुण्याच्या वस्त्यांमधल्या बायांचं जगणं सुमित्रा भावे अभ्यासत होत्या. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या त्या मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. अभ्यास झाला, पण ज्यांच्याविषयी तो होता त्या बायांना वाचता येत नव्हतं. मग त्यांचं त्यांना परत कसं द्यायचं? या अडचणीतून 1985 साली ‘बाई’ हा लघुपट झाला. भावेबाईंनी सिनेमाचं शिक्षण कुठेच घेतलं नव्हतं, तरी पहिल्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकणारे सुनील सुकथनकर त्यांना येऊन मिळाले आणि पुढे साडेतीन दशकं ही जोडी टिकली. लेखन भावेबाईंचं, गीतं सुकथनकरांची, दिग्दर्शन दोघांचं. संस्थेचं नाव विचित्र निर्मिती.

राजेगावात बसून पुण्याच्या या संस्थेची वाटचाल लिहावीशी वाटते, त्याला कारण आहे. बालाघाट जिल्ह्याच्या टोकाचं हे गाव. बाघ नदीचा पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. मुलूख धानाचा. आषाढात रोवणी लागली की चालता-फिरता माणूस बांधीत असतो आणि घरात उरतात ती म्हातारी माणसं. मुलगा कामासाठी नागपूर-रायपूरला. पंचेचाळिशी-पन्नाशीची सून दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते, मध्येच धावत घरी येऊन सासऱ्याला दोन घास भरवते, त्यांचं धोतर बदलते आणि कडी लावून पुन्हा बांधीकडे जाते. कडी का, तर सासरे उठून चालू लागतात आणि नदी जवळ आहे. विचारलं तर ती एवढंच म्हणते, ‘म्हातारचळ लागला जी, काय करता?’ डॉक्टरकडे न्यायची ही गोष्ट आहे, असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तिलाही विसाव्याची गरज आहे, हे तर दूरच.

हे काही एकट्यादुकट्या घराचं दुःख नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज निघाला. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. या 88 लाखांपैकी बहुतेकांच्या मागे घरातलं कुणीतरी उभं असतं, आणि बहुधा ती मुलगी किंवा सून असते. मराठी सिनेमात त्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे सातत्याने, समजून घेऊन कुणी पाहिलं असेल तर ते विचित्र निर्मितीने.

सुरुवातीच्या चित्रपटांवर इथे रेंगाळत नाही. 1995 चा ‘दोघी’ आणि 2002 चे ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’ यांनी संस्थेचं नाव झालं, पुरस्कार मिळाले. आपल्या विषयाचं वळण आलं ते 2004 च्या ‘देवराई’त. कॅनडात कॅलगरीला राहणारे सांख्यिकीचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे. स्किझोफ्रेनिया त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे ते संस्थापक, आणि ‘देवराई’मागचं बळही त्यांचंच. अतुल कुलकर्णींनी साकारलेल्या आजारी शेषची पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र सोनाली कुलकर्णींची सीना जास्त महत्त्वाची वाटते. नवरा, संसार आणि भाऊ या तिन्हींमध्ये ती ओढली जाते. भावावर तिची माया आहे आणि त्याचा तिला कंटाळाही येतो, हे दोन्ही एकाच बाईत दाखवायला हा चित्रपट कचरत नाही.

‘अस्तु’ हे या वाटेवरचं सर्वांत मोठं काम. संस्कृतचे निवृत्त पंडित चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झाला आहे. त्यांची थोरली मुलगी इरा त्यांना बरोबर घेऊन गाडीने निघते. वाटेत दुकानात काम निघतं. त्यांना गाडीतच बसवून ती उतरते. गेलेच, आलेच, एवढाच वेळ. तेवढ्यात रस्त्याने हत्ती येतो. शास्त्रीबुवा लहान मुलासारखे हरखतात, उतरतात आणि हत्तीमागे चालू लागतात. इरा परत येते तर गाडी रिकामी. ज्याने ज्याने घरातलं म्हातारं माणूस सांभाळलं आहे, त्याच्या छातीत ही रिकामी गाडी पाहून धस्स होतं. आपणही असे पाच मिनिटं नजर काढून वावरलेले असतो.

पुढे सगळा चित्रपट म्हणजे शोध. इकडे मुलगी वडिलांना शोधते आणि शोधता शोधता आपला राग, थकवा, वडिलांशी असलेली जुनी देणी-घेणी सगळं उकरते. तिकडे माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा, जिच्या स्वतःच्या घरात खायची भ्रांत, या अनोळखी म्हाताऱ्याला जेवू घालते. तो तिला आई म्हणतो आणि ती ते मानून घेते. लेखिकेने इराला दोषी ठरवलेलं नाही. चन्नम्माला वडिलांच्या भूतकाळाचं ओझं नाही, म्हणून तिला ते सोपं जातं. मुलीला ते सोपं नसतं, कारण तिच्या समोरचा माणूस कधीकाळी तिला शिकवणारा, रागावणारा, चुकणारा बाप होता. एवढ्या स्पष्टपणे हे मराठीत क्वचितच मांडलं गेलं आहे. डॉ. मोहन आगाशे, इरावती हर्षे, अमृता सुभाष तिघांचीही कामं लक्षात राहणारी. 2013 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा पुरस्कार मिळाला. तरीही चित्रपटगृहांत यायला 2016 उजाडलं. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. ते हा चित्रपट घेऊन डॉक्टरांपुढे, विद्यार्थ्यांपुढे गेले आणि खेळानंतर चर्चा घडवत राहिले. संस्थेच्या वाटचालीतला हा भाग मला पुरस्कारांहून मोलाचा वाटतो.

मग 2016 च्या पुरस्कारांत ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. तिथेही खचलेल्या एका तरुणाला रक्ताचं नातं नसलेली माणसं सांभाळतात.

2019 चा ‘वेलकम होम’ त्या मानाने कमी बोलला गेला, याचं मला वाईट वाटतं. मृणाल कुलकर्णींची सौदामिनी नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते आणि येताना मुलीबरोबर भान हरपत चाललेल्या सासूलाही घेऊन येते. नवऱ्याशी जमलं नाही, पण सासूला ती कुणाच्या भरवशावर टाकणार? आता कायद्याकडे पाहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात यांची जबाबदारी सांगतो. पोटगीची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये ठेवतो. त्या यादीत सून नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई जबाबदारीच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव आला, पण ते मंजूर झालं नाही. सुनेवर जबाबदारी टाकायची चर्चा झाली. तिच्या श्रमांची मोजदाद करायची, तिला चार दिवस सुटी मिळवून द्यायची चर्चा मात्र कानावर येत नाही. सौदामिनीची गोष्ट नेमकी इथे बोट ठेवते.

19 एप्रिल 2021 रोजी सुमित्रा भावे गेल्या. त्यांचा ‘दिठी’ त्यानंतर महिन्याभराने लोकांपुढे आला. त्यांनी लिहिलेला ‘आउटहाऊस’ सुकथनकरांनी हिंदीत दिग्दर्शित केला. शर्मिला टागोर आणि मोहन आगाशे यांच्या भूमिकांचा हा चित्रपट डिसेंबर 2024 मध्ये प्रदर्शित झाला. म्हातारपण त्याच्याही मध्यभागी आहे, म्हणजे लेखिकेमागेही काम चालू आहे.

राजेगाव आणि आसपासच्या गावांतल्या ग्रामपंचायतींना, शाळांना, बचत गटांना माझी विनंती आहे. धान घरात आलं, हात थोडे मोकळे झाले की निर्मात्यांची परवानगी घेऊन एका संध्याकाळी ‘अस्तु’ किंवा ‘वेलकम होम’ दाखवा. मराठी इथे समजते, त्यात अडचण नाही. गोंदियाहून किंवा बालाघाटहून एखादा डॉक्टर बोलवा. खेळ संपल्यावर पहिल्यांदा सुनांना आणि मुलींना बोलू द्या, पुढाऱ्यांचं भाषण नंतर. तोवर ज्या घरात हे ओझं आत्ताच आहे, त्यांनी दोन सरकारी नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी 14567, आणि सांभाळून सांभाळून ज्याचं मन थकलं आहे त्याच्यासाठी टेली मानस 14416. दोन्हींवर फोन करायला पैसे पडत नाहीत.