पाटीचा फोटो

आमच्या घरात फोटो एकच, बाबासाहेबांचा. आमचा कुणाचा कधी निघालाच नाही. दहा वर्षांचा मी कसा दिसत होतो, मला ठाऊक नाही. परवा भाचीला म्हणालो, "बाई, तुझ्या मोबाईलवर ह्या पाटीचा फोटो काढ."

"मामा, ह्या दगडाचा?"

दगडच तो. चौकट नाही. एक कोपरा उडालेला, एका बाजूचे पापुद्रे सुटलेले. ताई आणि मी चौथीत एकाच वर्गात, दोघांत पाटी एक. एक बाजू तिची, एक माझी. तिचं लिहून होईस्तोवर मी पेन्सिल चावत बसायचा.

मित्रांनो, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यातले महारवाडे, मांगवाडे पेटायला लागले. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. आमची वस्ती त्याच दिवसांत जळाली. माय आम्हाला घेऊन ओढ्याकाठच्या बाभळीत बसली होती. पावसाळा, छपरं ओली. ओलं छप्पर आपोआप पेटत नसतं. रॉकेल आधीच जमवलेलं होतं, हे मला मोठेपणी उमगलं.

सकाळी बाप राखेत जवारी शोधत होता, मी पाटी. लाकूड जळालं, दगड राहिला. पुढं साहेब लोक आले, पंचनामा झाला. त्यात भांडी आली, धान्य आलं, बकरी आली. पाटी कशाला येईल?

काही विद्वान अजून म्हणतात, एका नावासाठी एवढा दंगा कशाला. नाव निमित्त होतं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथं औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५० ला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. विद्यापीठ आलं १९५८ ला. आमची पोरं शिकली, मास्तर झाली, कारकून झाली. घरावर पत्रा आला, दारात सायकल आली. डोळ्यात सलत होतं ते हे. आमच्या वस्तीत पहिलं पेटलं ते मास्तरचं घर, पुस्तकांच्या पेटीसकट.

आजकाल लोक जुन्या भोवऱ्याचे, कंदिलाचे फोटो काढतात आणि गेलेल्या दिवसांसाठी हळहळतात. हळहळू द्या. त्यांचं लहानपण हळूहळू गेलं. आमचं एका रात्रीत गेलं. चौथीची परीक्षा मी त्या साली दिलीच नाही. अठराव्या वर्षी रात्रशाळेत पुन्हा बसलो. ताई मात्र बसली नाही, तिचं लग्न झालं होतं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ अशी पाटी लागली. त्या दिवशी ताई दुसऱ्याच्या रानात तूर कापत होती.

तर फोटो. पहिल्यांदा नुसतं काळं आलं. भाची म्हणाली, "काहीच दिसत नाही की." मग मी ओलं फडकं फिरवलं. ओल्या दगडावर दाभणानं ओढलेल्या चार रेघा वर आल्या, वाकड्यातिकड्या, अक्षर सरळ यावं म्हणून ओढलेल्या. वाळायच्या आत तिनं फोटो घेतला आणि आईला पाठवला.

रात्री ताईचा फोन. "जयभीम" नाही, काही नाही.

"त्या रेघा मी मारल्या होत्या. तुला कुठं येत होत्या?"