मशीन झीरो

सीएनसी यंत्राच्या निर्देशांकपद्धतीचा आरंभबिंदू. मिलिंग, टर्निंग वगैरे यंत्रांत प्रत्येक अक्षावरचे स्थान येथून मोजतात. तो कोठे असावा हे यंत्र बांधणारा ठरवतो. तो कोठेही असला तरी चालते. दर वेळी त्याच जागी सापडला पाहिजे, ही खरी अट. इन्क्रिमेंटल एन्कोडर किती सरकलो एवढेच सांगतो, त्यामुळे वीज गेली की स्थान हरवते आणि यंत्र सुरू करताना होमिंग करावे लागते. स्लाइड रेफरन्सच्या दिशेने जाते, डॉग हा ठोकळा लिमिट स्विच दाबतो, वेग मंदावतो आणि स्विच सुटल्यावर एन्कोडरची जी पहिली मार्कर पल्स येते तेथे कंट्रोल स्थान पक्के करतो. पल्स फेऱ्यात एकदाच येते. ती नेमकी असते, पण फेरा कितवा हे तिला सांगता येत नाही. ते काम स्विचचे. डॉग ढिला होऊन स्विच पल्सच्या अगदी जवळ सुटू लागला, तर कधी ही पल्स पकडली जाते, कधी पुढची. मोटर थेट जोडलेल्या १० मिमी पिचच्या बॉलस्क्रूवर मग नेमका १० मिमीचा फरक पडतो. चूक बरोबर एका पिचएवढी दिसली, तर आधी डॉग तपासावा.

प्रत्येक जॉबचा झीरो सेटर नव्याने घेतोच, मग मशीन झीरोची एवढी काळजी कशाला, असे विचारले जाते. पण जी५४ ते जी५९ या ऑफसेटमध्ये साठवलेली अंतरे मशीन झीरोपासूनचीच असतात. मशीन झीरो सरकल्यावर जॉब पुन्हा टच केला तर तेवढा ऑफसेट सुधारतो. टूल बदलण्याची जागा, सॉफ्ट लिमिट आणि जपून ठेवलेले इतर फिक्स्चरचे ऑफसेट मात्र सरकलेलेच राहतात, आणि धडक तेथेच होते.

ॲब्सोल्यूट एन्कोडरने हा प्रश्न मिटला, हा दावा अधिक वजनदार आहे. रोजचे होमिंग त्याने खरोखर वाचते. तरी ज्या एन्कोडरची स्मृती बॅटरीवर टिकते, त्याची बॅटरी संपली किंवा मोटर काढून पुन्हा बसवली की रेफरन्स नव्याने ठरवावाच लागतो. शिवाय मोटरवरचा एन्कोडर स्क्रूचे फिरणे मोजतो, टेबलाची जागा नव्हे. पोलाद १ मीटर लांबीत दर अंशाला सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढते; ५०० मिमी स्क्रू १० अंशांनी तापला तर मुक्त प्रसरण अर्ध्या दशांश मिलिमीटरहून थोडे अधिक होते. ही वाढ होमिंगलाही दिसत नाही. ती पकडायला स्लाइडवर लिनिअर स्केल हवा, किंवा यंत्र तापल्यानंतर ठरलेल्या जागी प्रोब लावून पुन्हा मोजावे लागते.