ग्रंथसंग्रहालय आणि वाचनालय
मराठीत या दोन संज्ञा बहुधा एकाच संस्थेच्या दोन कार्यांचा निर्देश करतात : जतन आणि देवघेव. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या परंपरेत ही कार्ये अविभाज्य होती; विकत घेतलेली प्रत वाचकास देण्यासाठी प्रकाशकाची अनुमती लागत नसे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ छापील प्रत संग्रही असल्यास, जतनासाठी तिचे इलेक्ट्रॉनिक रूप साठविण्याची मुभा दिली. ते रूप दूरस्थ वाचकाला पाठविण्याची मुभा मात्र या तरतुदीत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. तोवर बाजारातून नाहीसे झालेले पुस्तक सुरक्षित राहील, पण अवाचित. कायद्याने ग्रंथसंग्रहालय मान्य केले. वाचनालयाचा प्रश्न अनिर्णितच ठेवला.