धागा : चौपाटीवरचे विमान आणि गच्चीवरचे विमान

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी रिद्धपूरला राजमठाजवळच्या टपरीवर चहा घेत असताना शेजारच्या बाकावरील एका आजोबांनी मला विचारले, "बाई, तू इतिहास शिकते ना? मंग सांग बरं, मानसाले घरी इमान बनोता येते काय? आमचे मास्तर सांगे, चौपाटीवर आपल्याच एका मानसानं अमेरिकेच्या आंधी इमान उडोलं म्हणून."

आजोबांच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर मी तिथल्या तिथे दिले : येते, घरी बांधलेली हजारो विमाने आज जगभर उडत आहेत. दुसऱ्याला चहाचा एक कप पुरला नाही, म्हणून हा धागा.

रिद्धपुरात बसून पुराव्याविषयी बोलताना म्हाइंभटांना ओलांडून जाता येत नाही. चक्रधरस्वामींच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात, त्यांनी याच गावी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. प्रसंग ज्याने पाहिला त्याला गाठायचे, त्याच्याकडून तो ऐकायचा आणि ऐकलेले नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती स्मरणाच्या आधारे पुन्हा उभी केली. त्यातून पाठभेद निर्माण झाले. परंपरेने ते झाकून न ठेवता जपले. कोणी पाहिले, कोणी सांगितले आणि कधी लिहिले, हे तीन प्रश्न सोबत घेऊन आता चौपाटीवर जाऊ.

कथा बहुतेकांना पाठ आहे. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर 'मारुतसखा' नावाचे मानवरहित यान उडवले. ते सुमारे १५०० फूट उंच जाऊन खाली आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि सयाजीराव गायकवाड तेथे उपस्थित होते आणि 'केसरी'ने बातमी छापली. २०१५ साली या कथेवर हिंदी चित्रपट आला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि मोठा वाद झाला.

तळपदे काल्पनिक नव्हेत, हे आधी नोंदवले पाहिजे. पाठारे प्रभू समाजातील हे संस्कृतज्ञ गृहस्थ मुंबईत होऊन गेले, विमानविद्येचा त्यांना ध्यास होता आणि 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. प्रश्न केवळ त्या एका दिवसाचा आहे. त्या उड्डाणाचा समकालीन पुरावा आजवर कोणी समोर ठेवलेला नाही. बातमी आली असे सांगणारे अंकाची तारीख सांगत नाहीत. उपस्थितांची नावे मोठी आहेत, परंतु ती त्यांच्या लेखणीतून आलेली नसून नंतरच्या सांगणाऱ्यांच्या तोंडून आलेली आहेत. म्हाइंभटांच्या कसोटीला येथेच पहिला अडथळा येतो.

दुसरा अडथळा कालक्रमाचा. या कथेच्या पाठीशी 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ उभा केला जातो. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला व इतरांनी तो उतरवून घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली त्याची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९१८ नंतर उतरवलेल्या मजकुराने १८९५ चे उड्डाण सिद्ध होत नाही. हे सांगताना मला आनंद होत नाही. शाळेत असताना मीही या कथेवर भाषण करून टाळ्या मिळवल्या आहेत.

आता किटी हॉक पाहा. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते आणि त्याने कापलेले अंतर १२० फूट, म्हणजे एकामागोमाग उभ्या केलेल्या एसटीच्या तीन गाड्यांएवढे. पराक्रम म्हणून सांगायला हे आकडे चौपाटीच्या कथेपुढे किरकोळ वाटतात. परंतु पाहणारे पाच जण होते, त्यांपैकी जॉन डॅनियल्स यांनी घेतलेले छायाचित्र उपलब्ध आहे, ऑर्व्हिल राइट यांची रोजनिशी उपलब्ध आहे आणि त्याच दिवशी वडिलांना पाठवलेली तारही आहे. डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या या दोन भावांनी विमान जोडले, आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवली. घरबांधणीच्या विमानांचा लिखित इतिहास येथून सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही.

राइटांनी आपल्या यंत्राचे हक्क कसोशीने राखले. पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ यांनी उलट केले : आपल्या 'देम्वाझेल' या चिमुकल्या विमानाचे नकाशे त्यांनी खुले केले आणि १९१० साली एका अमेरिकन मासिकाने ते छापले. पुढे १९३४ च्या सुमारास आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाने कोणालाही बांधता येईल असे विमान पुस्तकातून शिकवले. त्याचे नाव 'आकाशातली ऊ'. इंग्रजांनी तिची 'उडती पिसू' केली. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये सुतारकाम येणाऱ्या शेकडो लोकांनी ती बांधायला घेतली. मग माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून सूर मारी आणि वैमानिकाने दांडा कितीही ओढला तरी वर येत नसे. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पूर्ण आकाराचे विमान वातविवरात टांगून पाहिले, तेव्हा कारण कळले : पुढचा आणि मागचा पंख एकमेकांच्या हवेच्या प्रवाहात असे अडकत की एका कोनापलीकडे सुटकाच नव्हती. १९३६ साली ब्रिटनमध्ये तिचे परवाने थांबले. मिन्ये यांनी नंतर आराखडा सुधारला. बांधणाऱ्यांच्या हातात कसब होते. वातविवर मात्र कोणाच्याही परसात नव्हते.

या अनुभवातून जी व्यवस्था उभी राहिली ती समजून घेण्याजोगी आहे. १९५३ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली; ऑशकॉशला दरवर्षी जुलैत भरणारा तिचा मेळा म्हणजे या लोकांची पंढरीची वारीच. तेथील कायदा सांगतो की विमानाचे निम्म्याहून अधिक काम मालकाने शिक्षणासाठी वा हौसेसाठी स्वतः केलेले असले पाहिजे. उरलेले संचातून येते. संच म्हणजे पेट्यांत भरून आलेले विमान : भोके पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, पंखांच्या फासळ्या, हजारो रिव्हेट आणि जाडजूड सूचनापुस्तक. इंजिन आणि पंखा वेगळे विकत घ्यायचे. रिचर्ड व्हॅन ग्रुन्सव्हेन यांनी १९७३ साली काढलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या संचांतून ११ हजारांहून अधिक विमाने बांधून उडवली गेली आहेत. याच कंपनीने काही भागांची भोके लेझरने कापून घेतली, त्या भोकांच्या कडांना तडे जाण्याचा धोका दिसला, आणि इतर आर्थिक ओढाताणीसह त्या प्रकरणाने २०२३ च्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली नेले. भोकाची कड किती गुळगुळीत आहे यावर येथे कारखाना आणि माणूस दोन्ही टांगलेले असतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या साऱ्यात विशेष वाटते ती बांधकामाची वही. कोणता रिव्हेट कधी ठोकला, कोणत्या बोल्टला किती ताण दिला, कोणता पत्रा चुकला म्हणून फेकून दिला, याची तारीखवार नोंद आणि छायाचित्रे बांधणारा ठेवतो. निम्म्याहून अधिक काम आपणच केले हे त्यावरूनच पटवून देता येते. अर्धवट बांधलेला संच अनेकदा दुसऱ्याला विकला जातो, अपघातात मोडलेले विमान कोणी विकत घेऊन पुन्हा उभारतो. अशा वेळी नव्या मालकाने आधी वही मागायची. वही नसेल तर पंखाच्या आत काय आहे हे पत्रा उचकटल्याशिवाय कळत नाही. शिवाय संघटनेतला एखादा जाणता माणूस, पत्र्याचे आवरण कायमचे बंद होण्यापूर्वी, घरी येऊन काम पाहून जातो. मग सरकारी तपासणी आणि त्यानंतर २५ ते ४० तासांची चाचणी उड्डाणे, तीही वस्तीपासून दूर. पाहणारा, सांगणारा, लिहिणारा : तिन्ही जागा भरलेल्या आहेत.

भारतात हा छंद रुजला नाही, तरी त्याची एक शाखा बंगळूरला फुटली होती. बर्ट रुटान यांनी घरी बांधण्यासाठी आखलेल्या विमानाच्या नकाशांवरून तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक हलके विमान बांधले आणि १९८७ साली उडवले. पण ती प्रयोगशाळा होती. घरच्या विमानासाठी कांदिवलीला जावे लागते.

कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. त्यांचे आधीचे दोन प्रयत्न अपुरे राहिले. तिसरे विमान, सहा आसनांचे, त्यांनी चारकोपमधील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधायला घेतले. मुंबईत मोकळी जमीन परवडत नाही, गच्ची आपली असते. महानगरातल्या हौसेचे हे अर्थशास्त्र आहे. तयार संच नव्हता, आराखडाही त्यांचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात हे विमान मांडण्यासाठी ते सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले. तेथे ते देशाने पाहिले.

पाहिले, पण ते विमान होते का? कायद्याच्या दृष्टीने अद्याप नव्हते. २०११ पासून नोंदणीसाठी अर्ज चालला होता आणि एका व्यक्तीने स्वतः आखलेले विमान कोणत्या रकान्यात बसवावे, हा पेच सुटत नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली : व्हीटी-एनएमडी. शेवटची तीन अक्षरे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून त्यांनी निवडली. (जाता जाता : 'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयचा प्रदेश' हे आपल्याकडे ठासून सांगितले जाते. वस्तुतः ही अक्षरे आंतरराष्ट्रीय रेडिओ व्यवस्थेत ब्रिटिश हिंदुस्थानच्या वाट्याला आलेल्या अक्षरमालेतली आहेत. चांगली कथा आणि खरी कथा यांची गल्लत अशी कुठेही भेटते.)

नोंदणी म्हणजे उड्डाणाचा परवाना नव्हे. मोटारीला क्रमांक मिळाला की ती रस्त्यावर येते; विमानाला क्रमांक मिळाला की ते कोणाचे आहे एवढेच ठरते, ते उडण्यास योग्य आहे की नाही हे निराळे. तो परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने चाचणी उड्डाण केले. अर्जापासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षे गेली. या दिरंगाईवर संतापणे सोपे आहे आणि त्यातला बराच संताप रास्तही आहे. गच्चीवरून आलेल्या माणसाला विचारायला एक खिडकी असावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. तरीही उडत्या पिसूचा इतिहास वाचल्यावर तपासणीलाच नावे ठेवण्याचे माझे धैर्य होत नाही.

आणि तपासणी मुळीच नसली तर काय होते, त्याचे उदाहरण दूरचे नाही. ते आपल्या वऱ्हाडातले आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील एका तरुणाने, जो पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करी, मोटारीचे इंजिन बसवून हेलिकॉप्टर बांधले. शिक्षण शाळेपुरते, बाकी सारे त्याने व्हिडिओ पाहून आणि हात चालवून मिळवले. स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवायचा त्याचा बेत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये, १५ तारखेच्या काही दिवस आधी, जमिनीवरच्या चाचणीत मागच्या पंख्याचे पाते तुटले, मुख्य पंख्यावर आदळले आणि तो दगावला. त्याचे नाव तेव्हा सर्वत्र छापून आले होते. घरच्यांचा विचार करून मी ते येथे लिहीत नाही.

त्या वेळी समाजमाध्यमांवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी त्याला वेडा म्हटले, काहींनी भारताचा राइट. दोन्ही मला पटत नाहीत. वेल्डिंग येणारा माणूस सांगाडा उत्तम जोडू शकतो. फिरणाऱ्या पात्याचे गणित निराळे आहे : वेग दुप्पट झाला की पात्याला मुळातून ओढणारा जोर चौपट होतो, आणि धातू प्रत्येक फेरीला किंचित थकत जातो. हा थकवा डोळ्यांना दिसत नाही. हे त्याला कोण सांगणार होते? ऑशकॉशच्या परंपरेत पत्रा बंद होण्यापूर्वी घरी येणारा जो जाणता माणूस असतो, तो महागाव तालुक्यात कोणत्या पत्त्यावर राहत होता?

आता बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. छोटी विमाने अमरावतीच्या आकाशात घिरट्या घालू लागली की शेतातून मान वर करून पाहणारी मुले वाढतील, आणि त्यांतले कोणी तरी पत्रा कापायला बसेल. त्याला चौपाटीची कथा ऐकवली जाईल, महागावची बहुधा ऐकवली जाणार नाही.

टपरीवरच्या आजोबांना मी यातले निम्मे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आमचे मास्तर खोटं सांगे काय?" मी म्हटले, "नाही आजोबा. त्यांनी ऐकलेले सांगितले." त्यांना ते मानवले की नाही, ठाऊक नाही, चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

वाचकांना एक विनंती. १८९५ च्या चौपाटीवरील उड्डाणाची त्या काळी छापलेली बातमी आपल्या घरच्या जुन्या बाडात, ग्रंथालयात वा कोणाच्या संग्रहात असल्यास तिचे छायाचित्र खाली जोडावे. पत्राचे नाव, अंकाची तारीख आणि पानाचा क्रमांक दिसेल असे घ्यावे. मिळाल्यास हा धागा दुरुस्त करून पुन्हा मांडीन.