सागाचं जंगल पावसाळ्यातच तपकिरी का होतं? दोन पतंग असे ओळखा

पावसाळा सरत आला की गडचांदूरपासून आल्लापल्लीपर्यंतचं सागाचं जंगल कधी कधी करपल्यासारखं दिसतं. फोटो पाहून झाडं मेली असं वाटतं. बहुतेक वेळा हे काम पतंगाच्या अळ्यांचं असतं. पण सागावर असे दोन पतंग येतात आणि दोघांचं नुकसान सारखं नसतं.

आधी पान पाहा

पतंग रात्री उडतात, म्हणून ओळख पानापासून सुरू करा. पान फस्त होऊन फक्त जाड शिरा उरल्या असतील, तर ती पानं खाणारी अळी, म्हणजेच हायब्लिया प्यूएरा. पानाचा आकार तसाच आहे, पण हिरवा भाग जाऊन बारीक शिरांची तपकिरी जाळी उरली असेल, तर ती जाळी करणारी अळी, युटेक्टोना मॅकेरॅलिस.

मग महिना

पहिली अळी पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पालवीवर येते. दुसरी मुख्यतः पुढे, पानं जून झाल्यावर.

पतंग सापडला तर

हायब्लिया बसलेला असताना वाळक्या पानासारखा दिसतो. पंख उघडल्यावर मागच्या काळपट पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे दिसतात. जाळी करणारा पतंग लहान आणि पिवळसर असतो, पंखांवर लालसर नागमोडी रेषा असतात.

फोटोला मर्यादाही आहे. मलेशियात सागाची जाळी करणाऱ्या पतंगाला बरीच वर्षं मॅकेरॅलिसच म्हटलं जायचं. प्रत्यक्षात ती त्याची जवळची, वेगळी प्रजाती निघाली. अशा जुळ्या प्रजाती वेगळ्या करायला पतंगाचे प्रजनन अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

फवारणी करायची का?

उशिरा जाळी झाली तर घाबरू नका. ती पानं साग तसाही थोड्या दिवसांनी गाळणार असतो. पहिली अळी मात्र वाढीच्या ऐन दिवसांत पालवी खाते. केरळमधल्या निलांबूरच्या तरुण लागवडीत तिच्यामुळे लाकडाची सुमारे ४४ टक्के संभाव्य वाढ बुडाल्याचं संशोधकांना आढळलं. तरीही झाड सहसा मरत नाही, नवी पालवी फुटते.

म्हणून बांधावरच्या सागासाठी औषध आणण्याआधी पानाचा जवळून फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि दोन्ही वनरक्षकाला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. जाळी झालेल्या पानांवर सप्टेंबरअखेर फवारणी केली, तर बहुधा पैसेच वाया जातील.